रिठ्याचा फेस

प्राचार्य कुशीवर पडले होते. प्राचार्य म्हणजे आमच्या परसातल्या तळ्यातला सगळ्यात थोराड मासा, पांढराफेक, डोक्यावर तांबडा टिळा. हे नाव माझं नव्हे. माझे यजमान विजयसिंह कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं सहायक होते. रिटायर झाल्यावर त्यांनी परसात तळं बांधलं आणि ज्यांच्यापुढं उभं राहून जन्म गेला त्या सगळ्यांची नावं माशांना देऊन टाकली. प्राचार्य, उपप्राचार्य, हेडक्लार्क, ग्रंथपाल, दोन लेक्चरर, एक शिपाईसुद्धा. असा अकरा जणांचा स्टाफ. सोमवारी सकाळी मी दूध तापत ठेवून मागचं दार उघडलं, तर पाण्यावर फेस आणि फेसात प्राचार्य. एक कल्ला अजून हलत होता. मी अनवाणीच पायरीवर गेले. त्यांच्या पलीकडं आणखी पांढरी पोटं दिसली. आणि वरून पाणी पडतं त्या कोपऱ्यात, उरलेले मासे तोंडं वर काढून नुसती हवा गिळत होते. दूध उतू गेलेलं मला वासानं कळलं, तरी मी हलले नाही. कारण तो फेस मी ओळखला होता. जगातला दुसरा कुठलाही फेस ओळखायला मी चुकेन, हा चुकणार नाही. माझं माहेर हुपरीचं.

हुपरीत घरोघरी चांदी. आमच्या घरी पुढच्या सोप्यात वडिलांची भट्टी आणि मागच्या अंगणात उजळायचं काम. ते बायकांकडं. पैंजणांचे जोड रिठ्याच्या पाण्यात बुडवायचे, पितळी तारेच्या ब्रशनं घासायचे, पुन्हा बुडवायचे, पुन्हा घासायचे, चांदीनं डोळे दिपवेपर्यंत. सात-आठ वर्षांची असल्यापासून माझ्या बोटांना तो आंबूस वास होता. लग्न होऊन कोल्हापुरात आले, रंकाळ्याच्या मागं फुलेवाडीकडं घर बांधलं, चाळीस वर्षं होत आली, पण घासायची खोड काही गेली नाही. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवायचं ही इथली रीत, वाकळांपासून पडद्यांपर्यंत. त्यात मी माहेरची भर घातलेली. देवाचे टाक, ताम्हण, समया आणि आईचे तोडे रिठ्यातच उजळायचे, बाजारची पावडर आमच्या चांदीला लागत नाही. रविवारी तेच केलं. पाऊण किलो रिठा उकळला. संध्याकाळी दोन बादल्या पाणी उरलं. वाया कसं घालवायचं? तळ्याच्या वरच्या टप्प्यातल्या कर्दळीवर मावा पडला होता, आणि माहेरी आम्ही उरलेलं रिठ्याचं पाणी झाडांनाच घालायचो, कीड मरते म्हणून. मी दोन्ही बादल्या कर्दळीवर नि वेखंडावर ओतल्या, पदराला हात पुसले, आणि काम संपल्याचं समाधान घेऊन आत आले.

हा वरचा टप्पा म्हणजे आमच्या साहेबांची करामत. पंप तळ्यातलं पाणी उचलून वर, गोट्यांनी भरलेल्या उथळ कुंडात टाकतो. तिथं कर्दळ, वेखंड आणि ब्राह्मी माशांची घाण खाऊन पोसतात, आणि निवळलेलं पाणी पुन्हा तळ्यात पडतं. म्हणजे झाडांच्या मुळाशी जे ओताल ते दहा मिनिटांत माशांच्या नाकातोंडात. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला जीभ रेटत नाही. सहा वर्षं आल्यागेल्या प्रत्येक पाव्हण्याला ते हेच समजावत आलेत, आणि मी चहाचा ट्रे घेऊन शेजारी उभी राहत आलेय. कानावरून शब्द जात होते. आत काही शिरत नव्हतं, कारण आत जागाच नव्हती. तिथं राग बसला होता.

यजमान मिरजेला होते. गुडघ्याचं ऑपरेशन शनिवारी झालं, शुक्रवारी घरी सोडणार होते. आमचा मुलगा आदर्श त्यांच्यापाशी राहिला होता. इथं मी आणि सून, मोना. मोना पेठ वडगावची, हाताला वेगवान आणि डोक्यालाही. तिनं एक नजर तळ्याकडं टाकली, एक माझ्याकडं, आणि नाटक न करता बादली आणली. सहा मेले होते, पाच जिवंत. "आई, असं करू," ती म्हणाली, "सगळं पानी काढून टाकू, ब्लिचिंग मारून हौद लख्ख घासू, आन शुक्रवारच्या आत असलंच सा मासं आणू. पांढरा, टिळ्याचा मिळतोय की. बाबांना कळायचं बी न्हाय." खोटं कशाला सांगू, माझा हात तेवढ्यात ब्रशकडं गेला होता. घासून लख्ख करायचं म्हटलं की मला निम्मं पाप फिटल्यासारखं वाटतं. पण ज्याला प्राचार्यांच्या टिळ्याची उजवी कड डावीपेक्षा आखूड आहे हे माहीत आहे, त्या माणसाला दुसरा मासा दाखवायचा म्हणजे त्याला दुसरी बायको दाखवण्यासारखं होतं. मी म्हटलं, "न्हाय. नवं कायबी आणायचं न्हाय. दस्तगीरला फोन लाव."

दस्तगीर गडमुडशिंगीचा. घरामागं शेड घालून शोभेचे मासे वाढवतो, आमचे सगळे मासे त्याच्याकडचेच. अर्ध्या तासात मोटारसायकलवरून आला, हवेचे दोन छोटे पंप आणि कोळशाची पिशवी घेऊन. पाणी ओंजळीत घेतलं, बोटांत चोळलं. "वहिनी, काय घातलं ह्यात?" मी सांगितलं. त्यानं हात विजारीला पुसले. मग म्हणाला, "नेक काम समजून घातलं असंल तुमी. पर रिठा म्हंजे माशाला जहर. कल्ले जळत्यात, श्वासच घेता येत न्हाय." मी विचारलं, "पाची जगतील का?" "खोटं कशाला बोलू? दोन दिवस गेलं तर पुढचं बघायचं." मोना ब्लिचिंगचं बोलली, तसा तो दचकलाच. "तसलं काय करू नगा. तिसरा हिस्सा पानी काढा, तेवढंच नवं घाला, रोज. नळाचं सरळ घालू नगा, आदी त्यातलं क्लोरीन मारा. कोळसा वरच्या कुंडात टाका, त्यो रिठा वढून घेतोय. खायला टाकू नगा. आन हे बगा," त्यानं एक गोटा उचलून माझ्या हातात दिला, हिरवा, बुळबुळीत, "ही निसरडी बुळबुळ दिसतीया न्हवं, हिच्यावर तळं जगतंय. ही जित्ती हाय. ही घासली की खेळ खलास. काय वाट्टेल ते करा, पर घासू नगा." मी तो गोटा हातात धरून उभी राहिले. एकसष्ट वर्षांत मला घासू नको असं पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं.

मी रडले नाही. रडायला नंतर वेळ होता. सहाही मासे आम्ही पेरूच्या बुडाशी पुरले, प्राचार्यांना वेगळा खड्डा, कारण ते बाकीच्यांत मावेनात. मग मी साडी खोचली आणि पाणी काढायला बसले. पंपानं काढता आलं असतं, पण मला हातानं काढायचं होतं. नवीन पाणी ड्रममध्ये भरलं आणि क्लोरीन मारायचं औषध शोधायला त्यांच्या फळीपाशी गेले. ही फळी मी सहा वर्षं फक्त पुसलेली. तिथं ओळीनं बरण्या, प्रत्येकीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी. 'हायपो. ड्रमला एक चिमूट. ढवळावे. घाई नको.' प्रयोगशाळेत मुलांसाठी लावत असतील तशा. या घरात त्या चिठ्ठ्या वाचणारं माझ्याशिवाय कोण होतं? मला एकदम कळलं की त्या माझ्यासाठीच लावल्या होत्या, कधीतरी लागतील म्हणून, आणि मी त्यांच्यावरून फडकं फिरवून पुढं जात होते. दुपारी त्यांचा फोन आला. रोज तोच प्रश्न असतो, मी बरी आहे का हे नंतर. "पानी कसं हाय?" मी रोजच्यासारखं "हाय की" म्हटलं. मग तोंडून निघून गेलं, "अवो, पंप मधीअधी बंद करायचा असतोय का?" पलीकडं दवाखान्यातली ट्रॉली खडखडत गेली. "न्हाय," ते म्हणाले, "कवाच न्हाय. चोवीस तास." मी बरं म्हणून फोन ठेवला. सांगायचं समोर, तोंडावर सांगायचं, हे मी तेवढ्यात ठरवलं होतं. दवाखान्यातल्या खाटेवर माणसाला बातमी द्यायची नाही, आणि घरी आल्यावर एक घोट पाणी पिण्याइतकाही उशीर करायचा नाही.

मंगळवारी हेडक्लार्क गेले. सकाळी दिसले तेव्हा अंग ताठलेलं होतं. राहिले चार. शिपाई, ग्रंथपाल आणि दोन लेक्चरर. दस्तगीरनं दिलेल्या पाणी तपासायच्या कागदाच्या पट्ट्या मी पाण्यात बुडवून पाहिल्या, रंग बरोबर आला, पण त्या रंगात रिठा आहे की गेला हे कसं कळावं? ते कागदाला कळत नाही. ते मला कळतं. वडील रिठ्याचा जोर असा बघायचे. पाणी बाटलीत घ्यायचं, दहा वेळा हलवायचं, आणि फेस बसेपर्यंत आकडे मोजायचे. तीनशेपर्यंत टिकला तर पाणी जोरकस, शंभरावर आला तर आणखी रिठा टाका. मी पाण्याची रिकामी बाटली घेतली, तळ्यातलं पाणी भरलं, हलवली, आणि पायरीवर बसून मोजायला लागले. एकशे चाळीसला फेस बसला. म्हणजे विष अजून जागं होतं. आयुष्यभर मी हा फेस टिकावा म्हणून मोजला होता, आता तो मरावा म्हणून मोजत होते. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पाणी काढायचं, हायपो टाकून ठेवलेलं घालायचं, कर्दळीची पिवळी पानं बुडातून कापायची, कुजू द्यायची नाहीत, वेखंडाची मुळं हलवायची नाहीत. मोना म्हणाली, "आई, पाठ धरंल तुमची." मी म्हटलं, "धरू दे. तिला तरी कळू दे." पोरगी हसली आणि ड्रमच्या दुसऱ्या कडेला धरून उभी राहिली.

मोजता मोजता ती गोष्ट वर आली. नव्वदच्या आसपास असेन, म्हणजे आकडा, आणि एकदम ओढा दिसला. हुपरीला आमच्या घरामागून ओढा जायचा. मी नऊ वर्षांची. मोठं काम आलं होतं, तीन दिवस सगळं घर घासत होतं, आणि शेवटी मोठी तीन घमेली रिठ्याचं पाणी कुणीतरी ओढ्यात पालथं केलं. दुसऱ्या दिवशी खालच्या डोहात मासे तरंगत होते, बोटबोटभर, उन्हात चांदीसारखे चकाकणारे. वडिलांच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, आम्ही पोरांनी बोलावलं, आणि तिनं ओच्यात भरून आणून कालवण केलं. सगळ्यांनी खाल्लं. वडिलांनी ताट सरकवलं. म्हणाले, "रिठा जिथं उजळायचं तिथंच वापरायचा. पान्यात सोडायचा न्हाय. पान्याला उजळायची गरज नसतीया." मी दोन मासे जास्तीचे मागून घेतले होते. तिखट होते, चांगले होते. म्हणजे मला ठाऊक होतं. बावन्न वर्षांपासून ठाऊक होतं की रिठ्यानं मासे मरतात. मोजणं तिथंच थांबलं. बाटलीतला फेस कधी बसला ते मला दिसलंच नाही.

मग मी दुसरं काही करू शकले नाही. बसून राहिले आणि स्वतःला विचारत राहिले. बादली तिरपी करताना माझ्या मनात काय होतं? मावा होता. खरंच मावा होता? दोन वर्षांपूर्वी मला डेंग्यू झाला होता, अंगात एकशे तीन ताप, आणि हे माझ्यासाठी गोळ्या आणायला निघालेले वाटेत पंपाचा आवाज बदलला म्हणून मागं परसात गेले. अर्धा तास तिकडंच. मी खाटेवरून म्हटलं होतं, मरू देत एकदाचे ते मासे. मोठ्यानं म्हटलं होतं, त्यांनी ऐकलंही होतं. मला त्या माशांचा हेवा वाटायचा. आजी व्हायच्या वयाच्या बाईनं माशांचा हेवा करावा, सांगायला लाज वाटते, पण होतं ते होतं. सकाळी उठल्यावर ते पहिल्यांदा परसात जायचे, त्या अकरा तोंडांशी बोलायचे, आणि माझ्या वाट्याला येईपर्यंत त्यांचं बोलणं संपलेलं असायचं. असा माणूस तीनशे पासष्ट दिवस बघितला की हात आपसूक बादली तिरपी करत असेल काय? हातालाही स्वतःचं मन असतं काय? मी माझे हात बघितले. रिठ्यानं बोटांची टोकं पांढरी पडली होती, सुरकुतली होती, नऊ वर्षांच्या पोरीची असायची तशीच. शिपाई तेवढ्यात पाण्यावर आला. सगळ्यात लहान, करड्या रंगाचा, कुणी ढुंकून न बघावा असा. तोंड उघडून त्यानं हवा घेतली, आणि पुन्हा खाली गेला. आणि मला वाटलं, पुरे. ओतताना मला काय ठाऊक होतं याचा निवाडा मी मरेपर्यंत करत बसले तरी व्हायचा नाही. पाणी मात्र आज बदलता येतं. मी उठले आणि ड्रमचं झाकण काढलं.

बुधवारी फेस साठ आकड्यांवर आला. गुरुवारी सकाळी तीस, संध्याकाळी अठरा. चौघेही आता कोपऱ्यातून निघून मधे आले होते, आणि ग्रंथपाल तळ्यातल्या लिलीच्या पानाखाली सावलीत उभे राहायला लागले होते, म्हणजे तब्येत सुधारली. त्या दोन दिवसांत मी फोनवर त्यांना काय काय विचारलं ते मलाच आठवत नाही. हायपोची चिमूट म्हणजे दोन बोटांची की तीन? कर्दळ किती दाट ठेवायची? ऊन वाढलं तर लिलीचं एखादं पान ठेवावं की काढावं? ते सगळं सांगत होते, सावकाश, आवाज खोल गेलेला. कशाला विचारतेस, असं एकदाही म्हणाले नाहीत. मला वाटलं, दुखायच्या गोळ्यांनी गुंगीत असतील. एकदाच मोह झाला. गुरुवारी संध्याकाळी तळ्याच्या काठाचे दगड, पायरीजवळचे, शेवाळलेले, मला बघवेनात. शनिवारी घट, माणसं येणार, आणि परसात हे हिरवं किचाट. ब्रश हातात घेतला. पहिल्या दगडावर ठेवला. मग तसाच उचलला, मोनाला हाक मारली आणि म्हटलं, "हा ब्रश तुझ्या कपाटात कुलपात ठेव." तिनं तो नेला आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली.

शुक्रवारी अकराला गाडी आली. आदर्शनं धरून उतरवलं, वॉकर हातात दिला. यजमान दिवाणखान्यात थांबले नाहीत, बूटसुद्धा काढले नाहीत, टुकूटुकू करत सरळ मागच्या दाराकडं. मी तिथं खुर्ची आधीच मांडली होती, पायरीच्या अलीकडं. स्वतः चौकटीत उभी राहिले, हात आडवा धरून. "बसा," मी म्हटलं, "आन मी सांगीपर्यंत पान्याकडं बघू नका. माझ्याकडं बघा." ते बसले. मी सांगितलं. रिठा, दोन बादल्या, कर्दळ, सोमवारची सकाळ. आदर्शला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तो काहीतरी बोलायला गेला, मोनानं त्याचा दंड धरला. "अजून हाय," मी म्हटलं. "रिठ्यानं मासं मरत्यात हे मला न्हानपणापासनं ठावं हुतं. ओतताना आठवलं न्हाय, एवढंच सांगू शकते. त्याच्या पुढचं माझं मलाच ठावं न्हाय." मग हात काढला.

त्यांनी पाण्याकडं बघितलं. बराच वेळ. कर्दळीचं निम्मं रान मी कापलेलं, वरून पाणी पडत होतं, खाली फेस नव्हता. "किती ऱ्हायले?" त्यांनी विचारलं. "चार. शिपाई, ग्रंथपाल आन दोन्ही लेक्चरर." "प्राचार्य?" "पेरूखाली." त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, हात खांद्यावर ठेवावा असं वाटत होतं आणि ठेवायचा हक्क आहे की नाही ते कळत नव्हतं. मग ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "मला सोमवारीच कळालं."

मी मोनाकडं बघितलं. "मी न्हाय बाई," मोना म्हणाली.

"तिनं कशाला सांगाय पायजे. सा वर्सं मी पान्याचं बोलतोय, तू कवा एक सवाल केला न्हाईस. सोमवारी इचारलंस, पंप बंद करायचा असतोय का. तवाच म्हटलं, काय तरी मेलंय."

"मग इचारलं का न्हाई?" माझा आवाज चढला. पाच दिवसांत पहिल्यांदा माझे डोळे भरून आले, आणि मला त्याचाही राग आला. "पाच दिवस मी हितं जीव टांगून बसले."

"तू रोज इचारत हुतीस की," ते म्हणाले. "म्हटलं, ही इचारतीया तवर काय तरी जित्तं हाय."

मी खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो तिथंच राहू दिला. खाली शिपाई वर आला, त्यांना ओळखून असावा, कारण काठाशी येऊन तोंड उघडून थांबला. त्यांनी सवयीनं हात लांबवला, फळीवरचा खाण्याचा डबा घेतला, झाकणाला बोटं लावली.

"आज न्हाय," मी म्हटलं. "फेस अजून आठ आकडे टिकतोय. पाचाच्या आत आला की उद्या चिमूटभर. आन मी सांगीन तवाच."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. "बरं," ते म्हणाले, तेहतीस वर्षं प्राचार्यांना म्हणत आले अगदी तसं, आणि डबा परत फळीवर ठेवला.